मराठीतील शक्यता व कर्तव्य दर्शविणारी क्रियारूपे

क्रिया शक्य आहे, आवश्यक आहे, उचित आहे की केवळ अंदाजाची आहे, हे सांगण्याचे काम इंग्लिशमध्ये कॅन, मे, मस्ट, शुड अशी मोजकी साहाय्यक क्रियापदे करतात. मराठीत तेच काम प्रत्यय, साहाय्यक क्रियापद आणि कर्त्याची विभक्ती यांत विभागलेले आहे. पुढील उदाहरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड परिसराच्या दैनंदिन व्यवहारातील आहेत.

शहापूर तालुक्यातील माहुली गडाविषयी 'मला गड चढता येतो' असे म्हटल्यास कौशल्य सूचित होते; 'मी चढू शकतो' यात सामर्थ्य किंवा अनुकूल परिस्थिती असते; 'आता चढवत नाही' यात देह साथ देत नाही. (साठी उलटलेल्यांना हे तिसरे रूप विशेष परिचयाचे.) इंग्लिशमध्ये या तिन्ही ठिकाणी 'कॅन' चालते.

मुरबाडला रेल्वे नसल्याने 'गाडीसाठी कल्याणला जावे लागते', ही परिस्थितीची सक्ती होय. 'लवकर निघायला पाहिजे' यात निकड आहे, तर 'त्याने लवकर निघावे' हा विध्यर्थ सल्ल्याचा आहे. 'पाहिजे' हे मूळचे 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) भाषेतील 'कीजे', 'दीजे' ही त्याच घडणीची रूपे. म्हणूनच आजही 'मी पाहिजे' नव्हे, 'मला पाहिजे' असे म्हणतात.

खरी अडचण नकारात येते. दवाखान्यात 'रक्ततपासणीला उपाशी यायला नको' असे सांगितल्यास 'उपाशी येण्याची गरज नाही' आणि 'उपाशी येऊ नये' असे दोन्ही अर्थ निघतात. पहिल्या अर्थी उपाशी आले तरी बिघडत नाही, दुसऱ्या अर्थी बिघडते. इंग्लिशमध्ये पहिल्यासाठी 'डोंट हॅव टू' आणि दुसऱ्यासाठी 'मस्ट नॉट' अशी स्वतंत्र योजना आहे. मराठीतही 'येता कामा नये' हे निःसंदिग्ध रूप आहे. सूचना लिहिताना तेच वापरणे इष्ट.

माळशेज घाटात दरड कोसळल्याची वार्ता आली की घरची माणसे 'बस पोहोचली असेल', 'असावी', 'असणार' अशी चढत्या खात्रीने बोलतात. इंग्रज माणूसही असा अंदाज 'विल' किंवा 'मस्ट'नेच बांधतो. रोजच्या बोलण्यातली सक्ती तो बहुधा 'हॅव टू'ने सांगतो.

विनंतीसाठी इंग्लिशमध्ये 'कुड यू' म्हणतात. तो सामर्थ्याविषयीचा प्रश्न नसतो. त्याच्या अनुकरणाने आलेले 'आपण खिडकी उघडू शकता का?' हे वाक्य मराठीत कृत्रिम वाटते. एसटीत शेजारच्या प्रवाशाला 'जरा खिडकी उघडता का?' एवढे म्हटले तरी पुरते.