आवळणं आणि आधार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर पाठीचं दुखणं काय असतं, हे सास्तूरला सांगायला नको. त्यावर डॉक्टर देतात तो कमरेचा पट्टा आपण उलगडून पाहू. आत उभ्या ताठ पट्ट्या, बाहेर आवळायची सोय. हीच रचना युरोपातल्या जुन्या कॉर्सेटची! तिथं देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या असत, पुढं पोलाद आलं. फरक हेतूचा: कॉर्सेट बहुतेकदा बघणाऱ्यासाठी आवळलं जाई, पट्टा बांधणाऱ्याला आधार देतो. १९६९ चे चांद्रपोशाखही प्लेटेक्स अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीतच शिवले गेले. अंगाला बसेल तरी वाकू देईल, अशी शिवण तिथल्या बायकांच्या हातात होती. म्हणून अंगावरचं कुठलंही नवं उपकरण घेताना आपण एवढंच विचारू: हे आवळणं कुणाच्या सोयीचं?