घासण्याआधी वाचा : टाकानिनीतली ठासणीची बंदूक

‘ठासणीची बंदूक’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. कोकणातल्या गावांत रानडुकरांपासून शेत राखायला अशी बंदूक असे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी किंवा छर्रे घालून गजाने ठासायचे आणि मग बार काढायचा. म्हणून ती ठासणीची. हा शब्द आम्हाला पुन्हा भेटला तो मात्र कोकणात नव्हे, तर न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या दक्षिणेस असलेल्या टाकानिनी गावी.

टाकानिनी म्हटले की आपल्या लोकांना तिथला मोठा गुरुद्वारा आठवतो. तो २००५ साली उघडला. आमचा भाचा त्याच भागात राहतो. आम्ही त्याच्याकडे पोचलो तेव्हा गॅरेजमधल्या बाकावर एक लांबलचक बंदूक आडवी ठेवलेली होती आणि शेजारी सँडपेपर, वार्निशचा डबा, विजेवर फिरणारे पॉलिशचे चाक अशी सारी तयारी मांडलेली होती.

“मामा, ही वायकाटोच्या लढाईतली आहे,” भाचा म्हणाला. “विकणाऱ्याने शपथेवर सांगितले. चकचकीत करून दिवाणखान्यात लावणार आहे.”

“अरे, पण त्याची शपथ राहू दे. बंदूक स्वतः काय सांगते ते पाहिलेस का?” आम्ही विचारले. आमच्या तरुणपणी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे बसण्याचा आम्हाला नाद होता, तो असा उपयोगी पडला.

लढाईची गोष्ट टाकानिनीत कुणालाही खरी वाटेल अशीच आहे. या गावाला नावच मिळाले ते इहाका टाकानिनी या माओरी सरदारावरून. जुलै १८६३ मध्ये इंग्रज फौजा वायकाटोवर चालून गेल्या, तेव्हा इहाकांना त्यांच्या माणसांसह पापाकुराजवळ पकडण्यात आले. पुढे त्यांना राकिनो बेटावर ठेवले आणि १८६४ मध्ये ते तिथेच वारले. त्या फौजांच्या खांद्यावर ‘पॅटर्न १८५३’ची एनफील्ड रायफल होती आणि भाच्याची बंदूक दिसायला तशीच होती.

सर्वांत आधी आम्ही बार भरलेला आहे की नाही ते पाहिले. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी त्यावर खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला धरायचा. रिकाम्या बंदुकीत त्याचे टोक निपलाच्या जागेपर्यंत पोचते. आमचा गज चार बोटे अलीकडेच थांबला. भाच्याचा चेहरा उतरला. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, आणि पॉलिशच्या चाकातून तर ठिणग्या उडतात! घरी काहीही न करता आम्ही ती परवानाधारक कारागिराकडे नेली. त्याने आतला बोळा, गोळी आणि काळी भुकटी बाहेर काढून दिली. आमच्या अंगावर काटा आला.

मग ओळख पटवायला बसलो. एनफील्डच्या खुणा ठरलेल्या आहेत. नळी ३९ इंच, पूर्ण लांबी सुमारे ५५ इंच, नळीला दस्त्याशी बांधणारे तीन पट्टे आणि तोंडाचे माप ०.५७७ इंच. घोड्याजवळच्या लोखंडी पाटीवर मुकुट, त्याखाली राणीची ‘व्ही. आर.’ अक्षरे आणि सालाचा आकडा असतो. नळीच्या मागच्या टोकाला डावीकडे चाचणीचे शिक्के असतात. तिथे ‘२५’ हा आकडा दोनदा दिसला तर ती बहुधा बर्मिंगहॅमच्या खाजगी कारखान्यातली असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुकीवर १८०८ पासून मुकुट धरलेला सिंह असे. आणि नळीवर ‘फक्त काळी दारू वापरा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले असतील, तर ती विसाव्या शतकातली नक्कल समजावी. इटलीत आणि खुद्द बर्मिंगहॅममध्ये अशा नकला पुष्कळ तयार झाल्या.

नळी सुटी करून, निपल काढून आत उजेड टाकावा. अस्सल रायफलीत तीन पेचदार खाचा दिसतात. याच रायफलीच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना दिलेल्या बंदुका बाहेरून अगदी तशाच होत्या, आतून मात्र नळी गुळगुळीत, खाचांशिवाय! शिपायाच्या हाती गोऱ्या सोजिराइतकी नेमबाज बंदूक नको, हा धडा त्यांनी लोखंडातच कोरून ठेवला.

भाच्याच्या बंदुकीवर ना मुकुट होता, ना राणीची अक्षरे. दस्त्याच्या टोकाच्या पितळी पट्टीवर काळा मळ बसला होता. फडक्याला थोडे तेल लावून आम्ही तो हळूच पुसला. आधी ४ दिसला, मग ७, मग ३. देवनागरी आकडे!

भाचा पाहतच राहिला. “मामा, हे तर आपले आकडे!”

आकडे आपले, पण बंदूक बहुधा नेपाळची. नेपाळच्या सैन्याने इंग्रजी बंदुका वापरल्या, त्यांच्या नकला आपल्या देशात घडवल्या आणि त्यांवर देवनागरीत आकडे घातले. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या वाड्यात त्यांचा मोठा साठा पडून होता. २००३ साली अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी तो विकत घेतला आणि तिथून त्या जगभरच्या हौशी लोकांकडे गेल्या. म्हणजे वायकाटोची गोष्ट गळून पडली. पण पॉलिशचे चाक एकदा फिरले असते, तर खरी गोष्ट पुसली जाऊन फक्त खोटीच उरली असती.

मग साफसफाई करूच नये का? करावी, पण बेताने. लाल गंजावर पातळ तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने पुसावे. काळसर डाग जसेच्या तसे राहू द्यावेत. सँडपेपर, आम्ल आणि पॉलिशचे चाक दूर ठेवावे. स्क्रू काढताना खाचेत नेमका बसणाराच स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. दस्ता अक्रोडाचा असेल तर त्याला वार्निश लावू नये. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहाताने चोळावेत, एक दिवस वाळू द्यावे आणि पुन्हा चोळावेत. तेलाचा बोळा मात्र कोपऱ्यात फेकू नये, तो आपोआप पेट घेतो. बाहेर पसरून वाळवावा. बंदूक नवी नक्कल असेल तर तिचा रंग खुशाल उतरवून नवा चढवा. तिथे पुसण्यासारखा इतिहास नसतो.

कायद्याचेही पाहावे. न्यूझीलंडच्या १९८३ च्या शस्त्र कायद्याने अशा जुन्या बंदुका केवळ प्राचीन वस्तू म्हणून, न उडवता ठेवण्याची मोकळीक दिली. नकलेला ती सवलत नव्हती. कायदे बदलतात आणि प्रत्येक बेटाचा कायदा निराळा. म्हणून विकत घेण्याआधी पोलिसांकडे विचारावे हे बरे.

परतताना आम्हाला आपल्या पूर्वजांची आठवण झाली. मॉरिशसला उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळाला. कारकुनाने नाव ऐकले तसे लिहिले, गावाचे नाव मोडूनतोडून टाकले. घरोघरच्या गोष्टीही पिढ्यांबरोबर बदलत गेल्या. पण महात्मा गांधी संस्थेतल्या जुन्या दप्तरांत तो नंबर घेऊन गेले, तर आजही आजोबांच्या आजोबांचा माग लागू शकतो. पेटीच्या तळाशी असा एखादा मळका कागद असेल, तर त्यालाही आधी वाचावे.

भाच्याने वार्निशचा डबा दुकानात परत केला. ती बंदूक आता दिवाणखान्यात आहे, चकचकीत मुळीच नाही. पाहुणे आले की तो पितळी पट्टी त्यांच्यापुढे धरतो आणि आपल्या मुलीला सांगतो, “वाच बघू.” ती मोठ्याने वाचते : चार, सात, तीन.