बाबेलची कथा, साकी-दिंडीच्या चालीवर

आव महिन्याच्या नवमीला जगभरचे ज्यू उपास धरतात. यरुशलेमचं मंदिर याच तिथीला दोनदा पडलं, अशी परंपरा आहे. पहिलं इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने पाडलं आणि लोकांना बंदी करून नेलं, दुसरं इ.स. 70 मध्ये रोमनांनी. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरी या दिवसाचं नाव होतं बिरड्याचा रोजा. उपासाचा शब्द शेजारच्या मुसलमानांचा, आणि त्याच्या जोडीला आगरी-कोळी घरांत शिजतं तेच वालाचं बिरडं. मंदिर कोणी पाडलं, माणसं कुठे नेली, हे सांगणारी पोथी मात्र घरात नव्हती. शोक पाळला जात होता, त्याची कथा यायची होती.

बाकीच्या सणांचंही असंच. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफळणी, कारण त्या दिवशी दारं लावून माणसं घरात बसत. पुरीम फाल्गुनातल्या पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण.

या समाजाची स्वतःची कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या. हे केव्हा घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. गावांवरून आडनावं पडली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर. पुढे दावीद राहाबी नावाचा ज्यू पाहुणा आला. ही माणसं खरंच आपली आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले. शास्त्राला तेच मासे चालतात. पोथी नसताना स्वयंपाकघराने शास्त्र सांभाळलं, असं मी यावरून समजतो.

ग्रंथ आले ते एकोणिसाव्या शतकात आणि बऱ्याच अंशी मिशनऱ्यांच्या हातून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू धर्मांतराचा होता हे उघड आहे, पण घडलं उलटंच. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. उरलेल्यांना जुना करार वाचता येऊ लागला आणि ते अधिक पक्के ज्यू झाले. कोचीनचे ज्यू शिक्षकही मदतीला आले. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. 1874 च्या पुणे आवृत्तीतल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (1834–1905) या शिक्षकाने तर हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले.

पण भाषांतर छापून झालं म्हणजे कथा घरोघरी पोचली असं होत नाही. ते काम कीर्तनाने केलं. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायल मंडळींनी हरिकीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात बायबलची आख्यानं बसवली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि दावीद हाईम दिवेकर ही त्यातली मोठी नावं. ओवी, साकी, दिंडी, अभंग, सगळं जागच्या जागी. फक्त आख्यान योसेफाचं, मोशेचं. आमच्या झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरीकडे, रात्रभर नाटक पाहणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कथा लोकांना आधीपासून माहीत असली तरी ती पुन्हा गाऊन दाखवावी लागते, हे त्याला ठाऊक असतं.

आख्यानासाठी योसेफ मोलाचा. भावांनी विकलेला मुलगा मिसरात गुलाम म्हणून जातो, परक्या राजाच्या दरबारात चढतो आणि आपला देव सोडत नाही. पुढे बाबेल आणि पारस दरबारच्या कथांत हेच सूत्र येतं. दानीएल राजाच्या ताटातलं अन्न नाकारतो आणि यरुशलेमकडे उघडणाऱ्या खिडकीशी दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. एस्तेर राणी आपली जात लपवून महालात राहते आणि वेळ आल्यावर जीव धोक्यात घालते. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, पण पहिल्याच ओळीत हिंदुस्थानचं येतं: तिच्या नवऱ्याचं राज्य तिथपासून कूशपर्यंत पसरलेलं. रोज ताटात काय पडावं हा प्रश्न ज्यांनी शतकानुशतकं सोडवला, त्यांना दानीएल परका वाटला नसेल.

मला या सगळ्यात नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय अधिक महत्त्वाचा वाटतो. पारसच्या कोरेश राजाने इ.स.पू. 538 मध्ये बाबेलच्या बंदिवानांना परतीची वाट मोकळी केली. पुढे यरुशलेमच्या चौकात शास्त्री एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ फोड करून सांगतात. ऐकताना लोक रडतात. वाचून दाखवणं एकाकडे, समजावणं दुसऱ्याकडे ही वाटणी कीर्तनकाराच्या कामाशी इतकी जुळते की अष्टमकरांसारख्यांना नवं काही शोधावं लागलंच नसेल.

एक फरक मात्र आहे. बाबेलमधल्या माणसाला परतायचं होतं. बेने इस्रायलांचा कोकणात छळ झाला नाही, त्यामुळे हद्दपारीची कथा ते दुसऱ्यांची म्हणूनच ऐकत असावेत. 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. म्हणजे बंदिवास त्यांनाही घडला, पण तो सैनिकाचा.

हद्दपारी खरी कळली ती 1948 नंतर, इस्रायलला गेल्यावर. मंदिराच्या देशात पोचलेल्यांना तिथल्या धर्मपीठाने विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्नांवर अटी आल्या. मोर्चे निघाले, धरणं झालं, आणि 1964 मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य करावं लागलं. आज भारतात ज्यू काही हजारच उरले आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. इस्रायलमध्ये याच समाजाने ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. तिथे कीर्तनातली पदं आता मुख्यतः बायका गातात, आणि नातवंडांना त्यातल्या मराठीचा अर्थ हिब्रूतून सांगतात.