घोड्याचं हृदय कशानं बिघडतं?

माळेगावच्या खंडोबा यात्रेत परभणीकडची मंडळी घोडा पारखताना दात, खूर, चाल बघतात. डाव्या कोपरामागे कान लावून ठोके ऐकणारा विरळाच. निवांत घोड्याचं हृदय मिनिटाला 28 ते 44 ठोके देतं, भरधाव दौडीत 220 पर्यंत जातं. माणसासारख्या तुंबलेल्या रक्तवाहिन्या त्याच्यात क्वचितच. त्याच्या हृदयाचे वरचे कप्पे मोठे. ठोक्याचा इशारा तिथेच भोवऱ्यासारखा गरगरतो नि ताल बिघडतो. उतारवयात झडपा गळतात.

खरा घात मोनेन्सिनचा. कोंबड्यांचा रोग रोखायला खाद्यात मिसळलेलं हे औषध घोड्याच्या हृदयपेशींत सोडियम घुसवतं, मागोमाग कॅल्शियम साचतं, पेशी मरतात. त्यावर उतारा नाही. कोंबडीखाद्य तोबऱ्यात टाकूच नका.