मार कोणाला, कॅमेरा कोणाकडे?

प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) नीरा एका म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधली जाते आणि ते लग्न मानायलाच नकार देते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती त्याला छडीने फोडून काढते. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. त्याच्या जागी भिंतीवरच्या घड्याळाचे टोले आणि घरातले आवाज ऐकू येतात. त्यामुळे नीरा साकारणाऱ्या शांता आपटेंचा संताप थेट भिडतो.

ही ताठ मान पुढे गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांत टिकली नाही. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमातलं शोषण आणि त्यावर पांघरूण घालणारी व्यवस्था उघडी पाडते. पण गल्ला भरला तो विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ने (१९९१). अलका कुबल यांची लक्ष्मी सोसत राहते आणि सोसणं हाच तिचा मोठेपणा ठरतो. थिएटरात पदर डोळ्यांना लावणाऱ्या बायकांचं दुःख खरंच होतं. मात्र सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ सालीच आलं होतं. त्याच वर्षी स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणलं होतं.

पाश्चात्त्य पडद्याचा हिशेबही स्वच्छ नाही. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’मधल्या (१९७२) बलात्काराच्या दृश्याचा एक तपशील अभिनेत्री मारिया श्नायडरपासून मुद्दाम लपवला होता, अशी कबुली दिग्दर्शक बर्तोलुचीने नंतर दिली. ‘द अक्यूज्ड’ने (१९८८) बलात्काराला चिथावणी देणाऱ्या बघ्यांनाही कोर्टात खेचलं, जोडी फॉस्टरला ऑस्कर मिळालं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या २०१५ मधल्या एका भागात सान्सा या तरुणीवर अत्याचार होताना कॅमेरा वळतो तो ते पाहणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्याकडे. तिचं दुःख त्याच्या नावावर जमा झालं, म्हणून टीकेची झोड उठली.

नागराज मंजुळेंनी ‘सैराट’मध्ये (२०१६) आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा खून दाखवलाच नाही. आवाज बंद होतो, रक्तात भिजलेल्या पावलांनी त्यांचं लेकरू चालत जातं. जातीच्या अहंकाराने काय उद्ध्वस्त केलं ते कळायला तेवढं पुरतं.

हे भान बातम्यांत सुटतं. जून २०२३ मध्ये मीरा रोडला एका बाईचा निर्घृण खून झाला. वाहिन्यांवर मृतदेहाचे तपशील पुन्हा पुन्हा चघळले गेले. ती कशी जगली, हे बाजूला पडलं.

याच मीरा रोड-घोडबंदर-नायगाव पट्ट्यात मालिकांचे सेट उभे आहेत. मालिकेत एक थप्पड तीन कोनांतून, ढॅण्-ढॅण् संगीतासह दाखवतात आणि पुढच्या भागात घर पूर्ववत सुरू होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातला संरक्षण अधिकारी मात्र क्वचितच दिसतो. थप्पड लिहिणाऱ्या लेखकांनी त्याच्या कचेरीपासून कोर्टापर्यंतचे प्रसंगही लिहावेत: मार खाल्लेल्या बाईचा अर्ज, त्याचे प्रश्न, कोर्टाचा आदेश आणि राहत्या घरावरचा तिचा हक्क.