घरच्या घरी मेणबत्त्या : आधी सुरक्षितता

यवतमाळ जिल्हा कापसाचा. पुसद तालुक्यातील शिवारातही हे पीक घराघराच्या परिचयाचे आहे. कापसाच्या सुताची वात आणि बाजारातील पॅराफिन मेण एवढ्या साहित्यावर फावल्या वेळी घरी मेणबत्त्या करता येतात. मात्र या कामात मेण वितळविणे हीच खरी जोखमीची कृती होय.

मेण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. परंतु भांडे थेट आचेवर ठेवल्यास ते तापतच जाते आणि सुमारे २०० अंशांवर त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून रुंद पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे बसवावे. पाणी १०० अंशांवर उकळत असल्याने मेण त्यापलीकडे तापत नाही. पातेल्यातील पाणी आटू देऊ नये आणि मेणात त्याचा थेंबही पडू देऊ नये.

साच्याला आतून तेलाचा हात फिरवावा, सुताची तिपदरी वेणी घातलेली वात मधोमध ताणून बांधावी व मेण सावकाश ओतावे. ते पूर्ण निवल्यावरच साचा उघडावा.

मेण पेटलेच तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये; पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन जळते मेण चहूकडे उडते. शेगडी बंद करावी व भांडे न हलविता त्यावर घट्ट झाकण ठेवावे. अंगावर मेण सांडल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. चिकटलेले मेण ओढून काढू नये. मुलांना दूर ठेवावे, पदर खोचून घ्यावा. एवढी दक्षता बाळगल्यास दिवाळीला मेणबत्त्याही घरच्या होतील आणि घरही सुखरूप राहील.