पाळीव प्राण्यांची नसबंदी : पिल्ले जन्मण्यापूर्वीचा निर्णय

बीड शहरातून मांजरसुंब्याच्या दिशेने निघाले, की बिंदुसरा धरणाचा परिसर लागतो. त्याच परिसरात पाली हे गाव आहे. धुळे-सोलापूर महामार्ग येथूनच जातो आणि त्यावरून रात्रंदिवस अवजड वाहने धावत असतात. दसरा-दिवाळी सरली, की बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे प्रस्थान ठेवतात. घराला कुलूप लागते, बैल गाडीला जुंपले जातात, लेकरे संसाराच्या बोचक्यांवर बसतात. दारातील कुत्रा कधी गाडीमागून चालू लागतो, तर बहुधा मागेच राहतो.

नेमक्या याच दिवसांत गावोगावी पिल्ले जन्माला येतात. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांच्या माजाचा मुख्य काळ पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे काही आठवडे हा असतो. कुत्र्याचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. त्यामुळे बहुतेक माद्या ऐन थंडीत वितात. घरे बंद झालेली, उरलेसुरले अन्न कमी झालेले आणि त्याच वेळी गंजीच्या आडोशाला, पुलाच्या नळीत, बंद घराच्या ओट्याखाली चार-सहा पिल्ले कुईकुई करीत असतात. वाचकहो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यामागील कारणाचा विचार करावासा वाटत नाही.

लवूळने न विचारलेला प्रश्न

डिसेंबर 2021 मध्ये याच जिल्ह्यातील, माजलगाव तालुक्यातील लवूळ हे गाव अचानक देशभर गाजले. गावात आलेली वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती. तेथून पडून किंवा उपासमारीने ती पिल्ले दगावत होती. मृत पिल्लांचे मोठमोठे आकडे सांगितले गेले, वानरांच्या ‘सूडा’च्या कथा परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचल्या आणि अखेरीस वनविभागाने दोन वानरे पकडून नेली. प्रकरण तेथे मिटले.

त्या गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. एका गावात, एका हंगामात, कोणाचीही राखण नसलेली इतकी पिल्ले आली कोठून? वानरे पकडता येतात. पण ती पकडल्याने पुढच्या हिवाळ्यात जन्मणारी पिल्ले थांबत नाहीत.

नसबंदीचे महत्त्व सांगणाऱ्या पत्रकांत एक आकडा वारंवार आढळतो: एका मादीपासून सहा वर्षांत 67 हजार कुत्री निर्माण होतात. हा कागदावरचा गुणाकार आहे. जन्मलेले प्रत्येक पिल्लू जगते, असे त्यात गृहीत धरलेले असते. वास्तव याहून निराळे आणि अधिक क्लेशदायक आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी रस्त्यावरील 95 वेतांतील 364 पिल्लांचा मागोवा घेतला आणि 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात महिन्यांच्या, म्हणजे प्रजननक्षम होण्याच्या वयापर्यंत जेमतेम 19 टक्के पिल्ले जगली. जी दगावली, त्यांतील सुमारे 63 टक्के मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. पाच पिल्लांपैकी चार पिल्ले थंडी, भूक, आजार, वाहनांची चाके आणि दगड-काठ्या यांना बळी पडतात. पाचवे जगते आणि तेवढ्याने रस्त्यावरची संख्या कायम राहते. नसबंदीचा विचार आपण ‘कुत्री कमी करण्याचा उपाय’ एवढाच करतो. वस्तुतः तो या चार मृत्यूंना टाळण्याचा उपाय आहे.

पाळीव कोण, मोकाट कोण?

‘भटकी कुत्री हा ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा प्रश्न, आमचा कुत्रा तर घरचा आहे,’ असे आपण म्हणतो. शहरातील बंद सदनिकेत हे कदाचित खरे असेल. पाली किंवा लवूळसारख्या गावांत, शेतवस्त्यांवर, ही सीमारेषा फार पुसट असते. ज्याला आपण नाव दिले आहे, जो आपल्या हातची भाकरी खातो आणि रात्री अनोळखी माणसावर भुंकतो, तो दिवसभर मोकळाच हिंडतो. आपला नर गल्लीतील माद्यांकडे जातो, आपली मादी कोणाही नराकडून गाभण राहते. पिल्ले झाली, की त्यांतील एखादा देखणा नर शेजारी नेतात. उरलेल्या माद्या कोणालाच नको असतात. मग एके दिवशी अंधार पडल्यावर त्या पोत्यात भरून आठवडी बाजाराजवळ, देवळापाशी किंवा महामार्गाच्या कडेला सोडल्या जातात. सोडणारा निर्दय असतोच असे नाही. अनेकदा त्याचा जीवही कळवळतो. परंतु तोवर त्याच्यापाशी दुसरा मार्ग उरलेला नसतो.

दुसरा मार्ग त्याआधी काही महिने उपलब्ध होता. म्हणूनच या निर्णयाची योग्य वेळ पिल्ले जन्मण्यापूर्वीची आहे आणि योग्य जागा आपले घर आहे. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनीही हेच म्हटले आहे: रस्त्यावरील कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण स्थानिक स्वराज्य संस्थेने करावयाचे, पाळीव प्राण्यांच्या बाबतीत मात्र जंतनाशक, लसीकरण आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकाची आहे.

मारून प्रश्न सुटत नाही

रस्त्यावरील कुत्री मारून टाकण्याचा मार्ग महाराष्ट्राने दीर्घकाळ अनुसरून पाहिला आहे. मुंबईत 1832 मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल उसळली. पुढेही कुत्री मारणे चालूच राहिले, ते थेट 1990 च्या दशकापर्यंत. एवढ्या प्रदीर्घ काळात कुत्री संपली नाहीत. मारलेल्या कुत्र्यांची जागा आणि उकिरड्यावरील अन्न मोकळे होते, तेथे दुसरी येतात आणि त्यांची अधिक पिल्ले जगतात. अखेर पकडणे, नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे आणि त्याच जागी परत सोडणे, ही पद्धत स्वीकारली गेली. कानाचा छोटासा तुकडा कापलेला कुत्रा दिसला, तर त्याची नसबंदी झाली आहे, असे समजावे.

या पद्धतीने चमत्कार घडतो, असेही नाही. मुंबई महानगरपालिकेच्या 2014 च्या गणनेत शहरात सुमारे 95 हजार भटकी कुत्री होती. दहा वर्षांनंतरच्या गणनेत ती सुमारे 90 हजार आढळली. एखाद्या भागातील निदान 70 टक्के कुत्र्यांची नसबंदी अल्पावधीत व्हावी लागते, तरच संख्या ठळकपणे उतरते. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 12 लाख 76 हजार भटकी कुत्री होती. घराघरांतून नव्या पिल्लांची भर पडत राहिली, तर कोणतीही शासकीय मोहीम अपुरीच ठरणार.

प्राण्याच्या आरोग्याला लाभ

नसबंदीचा पहिला लाभ होतो तो प्राण्यालाच. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात उतारवयात पू साठण्याचा आजार होतो. त्याला पशुवैद्यक पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधील पाहणीत दहा वर्षे वयापर्यंत सुमारे एक-चतुर्थांश माद्यांना हा आजार जडल्याचे आढळले. माजानंतर काही आठवड्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागते, खाणे सोडते, मलूल होते. उपचारास विलंब झाल्यास प्राण गमावते. गर्भाशय व बीजांडकोश काढलेल्या मादीला हा धोका जवळजवळ राहत नाही. स्तनांच्या गाठींचे प्रमाणही लवकर नसबंदी केलेल्या माद्यांत कमी आढळते. नरांमध्ये वृषणाचा कर्करोग टळतो, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ रोखली जाते. समागमातून एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाणारी जननेंद्रियाची गाठ आपल्याकडील मोकळ्या कुत्र्यांत वारंवार दिसते. तिलाही आळा बसतो. माजावरील मादीमागे मैलोन्‌मैल हिंडणे, आपसांतील रक्तबंबाळ मारामाऱ्या आणि त्या धांदलीत महामार्गावर होणारे अपघात कमी होतात.

काही तोटेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. नसबंदीनंतर शरीराची अन्नाची गरज घटते. आहार बेताचा न ठेवल्यास प्राणी स्थूल होतो. काही माद्यांना उतारवयात लघवी रोखता येत नाही. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या मोठ्या जातींत फार लवकर शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांच्या तक्रारी वाढू शकतात. त्यांच्याबाबत योग्य वय पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे. गावठी कुत्र्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांचे वय योग्य मानले जाते. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातही माजावर येऊ शकतात आणि पिल्लांना दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतात; त्यामुळे भाटी व बोका यांच्याबाबत पाच महिन्यांच्या आतच निर्णय घ्यावा.

मनातील शंका

‘एकदा तरी विऊ द्यावे, मगच शस्त्रक्रिया करावी,’ असे अनेक वडीलधारी मंडळी सांगतात. एका वेताने मादीच्या आरोग्याला काही लाभ होतो, असे कोठेही आढळलेले नाही. ‘नसबंदी केलेला कुत्रा राखण करीत नाही,’ ही दुसरी समजूत. स्वतःची जागा आणि माणसे राखण्याची वृत्ती वृषणांवर अवलंबून नसते. असा कुत्रा उलट घराजवळ अधिक थांबतो.

‘हे निसर्गाविरुद्ध आहे, पाप लागेल,’ ही शंका अधिक खोल आहे आणि तिची थट्टा करू नये. आपल्याकडे दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे. मात्र याच भूमीतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्ह्याचे खच्चीकरण करून त्याचा बैल करीत आला आहे आणि पोळ्याला त्याच बैलाची पूजाही करीत आला आहे. प्राण्याला आपण घरात आणले, तेव्हाच त्याच्या प्रजननाचा भार आपल्यावर आला. भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया आणि दर हिवाळ्यात पोत्यात भरलेली पिल्ले, यांत पाप कशात अधिक आहे, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

माज थांबवण्यासाठी इंजेक्शन देण्याचा सोपा मार्गही कोणी सुचवतो. अशा संप्रेरकांच्या वापराने गर्भाशयात पू होण्याचा व स्तनांत गाठी येण्याचा धोका वाढतो. तो मार्ग टाळावा.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा बीडच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात कुत्र्या-मांजरांची शस्त्रक्रिया कोणत्या दिवशी होते, याची आधी चौकशी करावी. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. अवघड प्रकृतीच्या प्राण्यासाठी तेथेही विचारणा करता येईल. माजावर असताना मादीची शस्त्रक्रिया शक्यतो करू नये, कारण त्या वेळी रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. मादी व्यालेली असेल, तर पिल्ले दूध सोडेपर्यंत थांबावे. किती तास आधी अन्न बंद करावे, हे पशुवैद्यक सांगतील; ते काटेकोरपणे पाळावे.

शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावे. दहा ते चौदा दिवस पळू देऊ नये, अंघोळ घालू नये. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची संरक्षक कॉलर घालावी. जखमेतून पू किंवा रक्त येणे, सूज वाढणे, दुसऱ्या दिवशीही काहीच न खाणे, ही लक्षणे दिसल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, हे ध्यानात ठेवून त्याला माद्यांपासून दूर ठेवावे. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे काम पावसाळ्यातच उरकावे; म्हणजे जखम भरून येण्यास अवधी मिळेल आणि माजाचा मुख्य काळही टळेल.

लस वेगळी, नसबंदी वेगळी

नसबंदीने रेबीज टळत नाही. त्यासाठी दरवर्षी लस टोचलीच पाहिजे. शेजारच्या गोव्यात कुत्र्यांचे सातत्याने व्यापक लसीकरण झाले आणि 2021 मध्ये त्या राज्याला रेबीज-नियंत्रित राज्य घोषित करता आले. कुत्र्यांची संख्या स्थिर असेल, तर लसीकरणही टिकते. दरवर्षी लस न टोचलेली नवी पिल्ले रस्त्यावर येत राहिली, तर केलेले काम वाया जाते. आणि पिल्लांशी खेळायला सर्वांत आधी धावतात, ती आपली मुले.

मुलाला कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठून लसीची सर्व इंजेक्शने ठरलेल्या दिवशी पूर्ण करावीत. खोल जखमेसाठी इम्युनोग्लोब्युलिनची आवश्यकता डॉक्टरांना विचारावी. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली, की वाचण्याची आशा जवळपास संपते.

आपल्या दारातील मादी पुढच्या दिवाळीत कोठे असेल आणि तिच्या कुशीत किती पिल्ले असतील, हे आज आपल्या हाती आहे. या पंधरवड्यात एकदा दवाखान्यात जाऊन शस्त्रक्रियेची तारीख तेवढी घेऊन यावी.